विश्लेषण : पालक सापडत नाहीत, मग आजी-मामांना कोण शोधणार?

आई-वडिलांचा ठावठिकाणा लागत नाही म्हणून बालगृहात ठेवलेल्या मुलाला आजी असू शकते, मामा असू शकतो, आत्या असू शकते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, तो शोध आज कसा घेतला जातो आणि कोकणातील एखाद्या गावाकडे त्यासाठी काय आहे?

गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे वाशिष्ठीच्या मुखावरचे गाव. एका बाजूला गोपाळगड आणि दीपगृह, दुसरीकडे एन्रॉनच्या काळापासून देशभर गाजलेला वीजप्रकल्प आणि खाडीपलीकडे दाभोळ. अशा गावात एखाद्या घराला कुलूप दिसले तर घर कोणाचे, माणसे मुंबईत कुठे राहतात, लेक कोणत्या गावात दिली, हे शेजारी उभ्या उभ्या सांगतात. गणपतीला यंदा कोण आले आणि कोण आले नाही, याची वही कोणी ठेवत नाही, पण वाडीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते.

आता समजा, याच परिसरात एखादे मूल एकटे सापडले. किंवा आई वारली, वडील कामाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत आणि मूल सरकारी यंत्रणेच्या ताब्यात आले. त्याच्या माणसांचा अधिकृत शोध मात्र वृत्तपत्रातील नोटीस, पोर्टलवरील नोंद आणि पोलिसांचा ‘शोध लागला नाही’ हा अहवाल, एवढ्यावर संपू शकतो. वाडीला जे ठाऊक आहे ते फाइलीत येतच नाही.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार असे मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक त्या दिवशी नसेल, तर एका सदस्यापुढे. अंजनवेलच्या मुलाच्या बाबतीत ही समिती रत्नागिरीची. पुढे १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल अपेक्षित असतो आणि चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी रचना आहे. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत, ते दत्तक देण्यासाठी कायद्याने मोकळे आहे की नाही, हे ठरवायचे असते.

या मुदती वाजवी आहेत. तान्ह्या बाळाला वर्षभर ‘चौकशी सुरू आहे’ म्हणून पाळण्यात ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच. अडचण मुदतीची नाही, त्या मुदतीत काय केले जाते याची आहे. दत्तक नियमावलीनुसार मुलाचा तपशील व छायाचित्र वृत्तपत्रात प्रसिद्ध करता येते, पोर्टलवर नोंद होते आणि स्थानिक पोलिसांकडून अहवाल मागवला जातो. हा अहवाल मुदतीत आलाच नाही, तर पालक सापडत नाहीत असे मानले जाते. म्हणजे शोध घेतला पण कोणी मिळाले नाही आणि शोध घेतलाच नाही, या दोन्ही गोष्टींचा कागदावरचा निकाल एकच.

कायद्याची शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. कलम ३८ समितीला ‘पालक किंवा संरक्षक’ शोधण्यासाठी सर्व प्रयत्न करायला सांगते. आजी, काका, मामा, मावशी यांचा तिथे उल्लेख नाही. ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या कायद्यात आहे आणि तीत आई व वडील या दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी येतात. पण ती दत्तक प्रक्रियेपुरती. त्याच वेळी अनाथ मुलाची काळजी घेणारे कोणीही नाही, हे सिद्ध व्हावे, अशीही अपेक्षा आहे. ज्या आजीला कोणी विचारलेच नाही, ती काळजी घेणार नाही हे सिद्ध कसे होते?

नागपूरच्या मुलाचे काय झाले?

या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण नागपूरचे. २०११ च्या सुमारास आठेक वर्षांचा, नीट बोलू न शकणारा, बौद्धिक दिव्यांग मुलगा नागपूर रेल्वे स्थानकावर सापडला. त्याला एका अनाथालयात ठेवण्यात आले. २०१५ मध्ये ते बंद झाल्यावर ते चालवणाऱ्या कुटुंबानेच त्याला आपल्या घरी, आपल्या मुलांबरोबर वाढवले. दहावीच्या निमित्ताने शाळेने आधार क्रमांक मागितला. नोंदणी वारंवार नाकारली जाऊ लागली, तेव्हा मानकापूरच्या आधार सेवा केंद्रात कारण शोधले गेले. मुलाच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते. २०११ मध्ये, जबलपुरात. जून २०२१ अखेर तो आपल्या आई-वडिलांकडे परतला.

ही गोष्ट माध्यमांतून तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणून सांगितली गेली. ती दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवी. मुलगा हरवल्यानंतर दहा वर्षे त्याचा पत्ता सरकारच्याच एका यंत्रणेत पडून होता. तो बाहेर आला, कारण शाळेला एका कागदाची गरज होती. त्याला वाढवणाऱ्या कुटुंबाचे मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही, पण दोन घरांनी एका मुलासाठी सोसलेली ताटातूट टळू शकली असती का, हा प्रश्न उरतोच.

आधारवर भिस्त ठेवण्यालाही मर्यादा आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद घेतली जात नाही. म्हणजे ज्या वयात मूल स्वतःचा पत्ता सांगू शकत नाही, नेमके त्याच वयात ही वाट बंद असते. तिथे माणसांकडूनच माहिती काढावी लागते.

माहेरचा पत्ता कुठे मिळतो?

सरकारी शोध बहुधा वडिलांच्या नावाने सुरू होतो: मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव. वडीलच बेपत्ता असतील तर हा धागा पहिल्याच गाठीला तुटतो. आईचे लग्नानंतर नाव बदललेले असते, कधी आडनावाबरोबर पहिले नावही. शेजाऱ्यांना ती अमक्याची बायको म्हणून माहीत असते.

पण आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुतेकदा माहेरी होते. त्यामुळे मुलाची जन्मनोंद अनेकदा आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात असते. माता-बाल संरक्षण कार्डावर, अंगणवाडीच्या नोंदवहीत, लसीकरणाच्या यादीत आजीच्या गावाचा पत्ता लपलेला असतो. शाळेचा दाखला, शिधापत्रिकेवरील नावे, वडिलांच्या ठेकेदाराकडची हजेरी, हे सगळे धागेच आहेत. हे कागद मिळवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. दोन-तीन फोन, एक-दोन प्रवास आणि चिकाटी असलेला एक कार्यकर्ता लागतो.

मुलाशी बोलण्याची रीतही बदलावी लागते. सहा वर्षांच्या मुलाला जिल्हा, तालुका विचारून उपयोग नाही. त्याला मामाचे गाव माहीत असते, त्या गावाचे नाव नसते. तिथे जाताना गाडी बोटीत चढते का, घरासमोर समुद्र दिसतो की डोंगर, पालखी नाचते का, आजी जेवायला काय करते, ती कोणत्या शब्दाने हाक मारते, असे विचारले तर शोधाचे वर्तुळ झपाट्याने लहान होते. ‘गाडी बोटीत चढते’ एवढ्या उत्तरावरून दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेऱ्यांच्या आसपासच्या गावांकडे वळता येते. रत्नागिरीत बसलेल्या माणसाला ते चटकन कळेल. मुंबई वा पुण्याच्या संस्थेत मूल असेल तर कळेलच असे नाही.

कोकणात आणखी एक साधन आहे. गेली कित्येक दशके इथले निम्मे गाव मुंबईत असते. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. आज लालबाग-परळपासून विरार, दिवा, डोंबिवलीपर्यंत ग्रामस्थ मंडळे आहेत. दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवरील अनेक मुस्लीम कुटुंबांतील कर्ते पुरुष आखाती देशांत असतात आणि जमातीला त्यांचा पत्ता माहीत असतो. ‘परागंदा’ ठरलेला बाप अशा जाळ्यात क्वचितच पूर्ण नाहीसा होतो. खरी अडचण येते ती बाहेरून आलेल्यांच्या मुलांची. मासेमारी नौकांवरचे नेपाळी खलाशी, महामार्गाच्या आणि बांधकामांच्या कामावर आलेले कर्नाटकातील वा उत्तरेतील मजूर, वीटभट्टीवरची कातकरी कुटुंबे यांना इथे ना वाडी, ना मंडळ. त्यांच्या मुलांसाठी शोध दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात, कधी दुसऱ्या देशात न्यावा लागतो आणि तिथे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे पत्र पाठवून वाट पाहणे, हेच अनेकदा काम ठरते.

इतरत्र हा शोध कसा घेतात?

अमेरिकेत २००८ च्या कायद्याने एक साधी अट घातली. मूल घरातून काढून राज्याच्या ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत त्याच्या आजी-आजोबांसह सर्व प्रौढ नातेवाइकांना शोधण्याचा कसोशीने प्रयत्न करून त्यांना कळवायचे. त्याआधी केविन कॅम्पबेल या समाजकार्यकर्त्याने युद्ध व आपत्तीत ताटातूट झालेल्यांना शोधण्याच्या रेडक्रॉसच्या पद्धतीवरून स्फूर्ती घेऊन, वर्षानुवर्षे फॉस्टर केअरमध्ये असलेल्या मुलांचे नातेवाईक शोधण्याची पद्धत बसवली होती. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात माओरी कुटुंबपद्धतीचा विचार करून मुलाच्या विस्तारित कुटुंबाची बैठक घेणे हा निर्णयप्रक्रियेचाच भाग केला. ज्या समाजांना आपण ‘कुटुंबव्यवस्था मोडलेले’ म्हणून नाके मुरडतो, त्यांनी काका-मामांना कायद्यात जागा दिली. भाऊबंदकीचे कौतुक सांगणाऱ्या आपल्या देशात मात्र त्यांना कळवण्याची तशी स्पष्ट मुदत नाही.

नातेवाईक सापडले की मूल सोपवायचे का?

नाही. शोध आणि ताबा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत धोकादायक आहे. मूल घरातल्याच कोणाच्या मारहाणीमुळे किंवा लैंगिक अत्याचारामुळे पळालेले असू शकते. काका जमिनीच्या वाट्यासाठी पुढे आलेला असू शकतो. अल्पवयीन किंवा अविवाहित आईची ओळख उघड झाली, तर तिचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. तिने स्वेच्छेने मूल समितीकडे सोपवले असेल, तर गावभर चौकशी करत फिरणे हा तिच्या गोपनीयतेचा भंग ठरेल. म्हणून चौकशी प्रशिक्षित माणसानेच करायला हवी.

पण सापडलेला नातेवाईक मुलाला घरी नेऊ शकत नसला, तरी त्याचा उपयोग शून्य नसतो. सत्तर वर्षांची आजी नातवाला सांभाळू शकणार नाही. ती दिवाळीत भेटू शकते, त्याच्या आईचा फोटो देऊ शकते, घरातल्या आजारांची माहिती देऊ शकते. अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला हक्काचे एक दार मिळू शकते. हे सुरुवातीला झाले नाही, तर पुढे फार महाग पडते. १९७३ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांना आपल्या आईपर्यंत पोहोचण्यासाठी अनेक वर्षे शोध घ्यावा लागला, न्यायालयीन लढाई लढावी लागली.

पैशांचा प्रश्नही टाळता येत नाही. अनेक नातेवाईक ‘नको’ म्हणतात ते माया नसते म्हणून नव्हे, तर आणखी एक तोंड परवडत नाही म्हणून. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व किंवा फॉस्टर केअरसाठी महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. नकार नोंदवण्यापूर्वी ही माहिती त्या मामाला दिली होती का, असा एक रकाना तपासणी अहवालात असायला हवा. करोनाकाळात जिल्हा कृती दलांनी पालक गमावलेल्या मुलांच्या याद्या केल्या, तेव्हा यातली बरीच मुले नातेवाइकांकडेच असल्याचे दिसले होते. त्या वेळी गावोगावी शोध घेता आला, कारण जिल्हाधिकाऱ्यांपासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सगळ्यांना ते काम नेमून दिले होते.

वाचकाने काय करावे, काय करू नये?

एकटे मूल दिसले की मोबाइलवर त्याचा फोटो काढून ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असा संदेश पाठवण्याची सवय सर्वत्र आहे. हेतू चांगला असतो. मात्र संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणे कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शोधासाठी छायाचित्र प्रसिद्ध करायचे की नाही, हा निर्णय समितीचा. शिवाय असे संदेश कुठे जाऊन थांबतील, हे सांगता येत नाही. मुले पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सॲपवरील अफवांनंतर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले होते.

करायचे ते सोपे आहे. १०९८ किंवा ११२ वर फोन करायचा, नाहीतर पोलीस पाटील वा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे. मूल सापडल्याची माहिती २४ तासांत न देणे हाही गुन्हा आहे. आणि मुलाबद्दल काही माहीत असेल, म्हणजे आईचे माहेर कोणते, बाप शेवटचा कोणाबरोबर कामाला होता, मुंबईत त्यांचे कोण असते, तर ते गटावर न टाकता जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सांगायचे.

सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांचा समावेश असलेली ग्राम बाल संरक्षण समिती गावागावांत असणे अपेक्षित आहे. बालकल्याण समितीने पोलिसांकडून अहवाल मागवताना त्याच दिवशी या समितीकडूनही मागवावा: मुलाच्या दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांची नावे, कोणाशी कधी संपर्क झाला, कोण काय म्हणाले. मुदत ३० दिवसांची. हा कागद फाइलीत नसेल, तर ‘कोणी सापडले नाही’ हा शेरा मान्य करू नये. मिशन वात्सल्यखाली कंत्राटावर काम करणाऱ्या क्षेत्र कार्यकर्त्यांना त्यासाठी प्रवासखर्च वेळेवर द्यावा लागेल. गुहागरहून रत्नागिरी, तिथून मुंबई आणि एखाद्या वेळी विजापूर किंवा जबलपूर, एवढी तिकिटे त्यात येतात.