डुबीवाल्याला परवाना हवा, लिलाव नको

ठाणे आणि वसईच्या खाड्यांतली रेती बुडी मारून हाताने काढण्याची पद्धत ‘हातपाटी-डुबी’ या नावाने सरकारदप्तरीही नोंदलेली आहे. कळवा, मुंब्रा आणि कल्याणची रेतीबंदरे या धंद्यावर उभी राहिली. नांगरलेल्या होडीतून लांब बांबू तळात रोवतात. त्याला धरून डुबीवाला खाली उतरतो, लोखंडी बादली रेतीने भरतो आणि वरचे गडी ती दोराने ओढून घेतात. काही ठिकाणी खोली 40 फुटांच्या आसपास जाते. गढूळ पाण्यात दिसत काही नाही, पाठीवर प्राणवायूची टाकी नाही. कानाचे पडदे फाटणे हे इथले नेहमीचे दुखणे. होडी बहुधा कोळी-आगरी कुटुंबाची असते. बुडी मारणारे मात्र बरेचदा परराज्यांतून आलेले मजूर असतात.

साधी वाळू हे कायद्याने गौण खनिज आहे. खाण व खनिजे अधिनियम, 1957 च्या कलम 15 ने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि महाराष्ट्राने त्यानुसार 2013 मध्ये आपले नियम केले. परवान्याविना उपसा केला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. साधने आणि वाहने जप्त होतात ती वेगळीच. मोठ्या ठेकेदाराला हा दंड धंद्यातला खर्च म्हणून सोसता येतो. एका होडीच्या धन्याचा मात्र धंदाच त्यात बुडतो.

नियम कडक होण्याला सबळ कारण होते. 2012 पर्यंत पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्राला पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून पळवाट काढली जाई. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी ही वाट बंद केली. निकाल योग्यच होता. पण त्यानंतर सर्वेक्षण, खाणकाम आराखडा, मंजुरी आणि लिलाव ही साखळी तयार झाली ती यंत्रे लावणाऱ्या ठेकेदाराच्या मापाची. एका भरती-ओहोटीच्या वेळात होडीभर रेती काढणाऱ्याला तिची पहिली कडीही परवडत नाही.

त्याच्यासाठी एक दार उघडे आहे. किनारा नियमन क्षेत्रात वाळूउपशाला बंदी असली, तरी पारंपरिक किनारी समाजांनी वाळूचे पट्टे यंत्राविना, हाताने काढण्याला 2011 च्या अधिसूचनेच्या चौकटीत मुभा मिळाली. राज्याच्या वाळू धोरणांतही हातपाटी-डुबीचा वेगळा विचार आहे. पण ही धोरणे टिकत नाहीत. 2019 चे धोरण 2022 मध्ये बदलले. 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने विक्री करणारे सरकारी डेपो आले आणि 2025 मध्ये डेपो बाजूला सारून पुन्हा लिलाव आले. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्या हिशेबाने कमावणाऱ्याने दर दोन-तीन वर्षांनी नवी कागदपत्रे कुठून आणायची? परवाना रखडला की हाताने काढलेली रेतीही चोरीची ठरते, आणि मग ती सक्शन पंपवाल्याच्याच बार्जला जाऊन मिळते.

खाडीचा खरा शत्रू हा पंप आहे. तो तळात खोल खड्डे पाडतो. मग काठ ढासळतो, खारफुटी उन्मळते आणि पुलांच्या पायांना धोका पोहोचतो. महसूल पथके बार्ज आणि पंप पकडून नष्ट करतात, तरी ते परततात. हाताने काढणारे आणि पंप लावणारे यांना एकाच गुन्ह्याच्या रकान्यात भरण्याने पंपवाल्याचेच फावते, कारण खाडीवर नजर ठेवू शकणारा स्थानिक होडीवाला मग प्रशासनापासून तोंड लपवतो.

लहान खाणवाल्यासाठी लहान परवाना देता येतो, हे मध्य प्रदेशातल्या पन्नाने दाखवले आहे. तिथे 8 मीटर लांब-रुंद तुकडा वर्षाला 200 रुपये शुल्कावर हिरे शोधायला मिळतो. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा होतो, लिलावात विकला जातो आणि स्वामित्वधन व कर कापून उरलेली रक्कम शोधणाऱ्याला मिळते. म्हणजे लिलाव मालाचा होतो, खणण्याच्या हक्काचा नाही. ठाणे जिल्ह्यातही खाडीचे सर्वेक्षण आणि मंजुरी शासनाने स्वतःच्या खर्चाने एकदाच घ्यावी, आणि स्थानिक सहकारी संस्थांना होडीमागे ठरावीक ब्रासचे परवाने निश्चित स्वामित्वधनावर द्यावेत.

मर्यादा मात्र खरीखुरी हवी. बारवी आणि भातसा धरणांमागे वाळू अडते, त्यामुळे उल्हास नदीतून खाडीत येणारी नवी रेती पूर्वीइतकी राहिलेली नाही. दर पावसाळ्यानंतर तळ मोजावा आणि जितकी भर पडली असेल त्याहून कमीच उपसा मंजूर करावा. एखाद्या वर्षी भर पडली नाही, तर परवाने थांबवावेत आणि होडीवाल्यांना त्या वर्षाचे शुल्क माफ करावे. परवान्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाची नावानिशी नोंद, विमा आणि कानांची तपासणीही सक्तीची करावी. आज कागदावर होडी आणि ब्रास दिसतात; तळाशी जाणारा माणूस त्यांत कुठेच नसतो.