झाडपाल्याचे औषध आणि आपला विवेक

जीवकाची गोष्ट आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊक आहे. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर गुरूंनी त्याला औषधाच्या उपयोगी न पडणारी वनस्पती शोधून आणायला सांगितली. जीवक योजनभर हिंडून रिकाम्या हाताने परतला. या गोष्टीतील वनस्पती आपण लक्षात ठेवतो, सात वर्षांचा अभ्यास विसरतो.

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोगावर पूर्वी कडू कवठाच्या बियांचे तेल देत. रोग आटोक्यात आला तो मात्र १९८० च्या दशकापासून ठरलेल्या मात्रेत एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांनी.

फुप्फुसाच्या कॅन्सरची कथा काहीशी अशीच आहे. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड होते. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. १९६६ साली मन्रो वॉल व मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून मिळवल्याचे अमेरिकेत प्रसिद्ध केले. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे. पेशीची वाढ होताना तिच्यातील डीएनएच्या पीळदार दोरीला बारीक चीर पडते व ती लगेच सांधली जाते. हे द्रव्य चीर सांधू देत नाही, म्हणून पेशी मरते. परंतु रोग्यांना ते दिले तेव्हा मूत्राशयाला इजा झाली. पुढे त्यात फेरफार करून टोपोटेकान तयार झाले. ते फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर देतात. दारातल्या सदाफुलीतील द्रव्यापासून बनलेले व्हिनोरेलबिन दुसऱ्या प्रकारावर देतात.

म्हणजे वनस्पतीतील द्रव्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खोटे नाही. पण प्रयोगशाळेच्या बशीत पेशी मरणे वेगळे आणि माणूस बरा होणे वेगळे. हळदीतील कर्क्युमिन बशीत पेशी मारते, पोटात घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते. सदाफुलीचा पाला उकळून प्यायला, तर किती विष पोटात गेले ते कोणालाच सांगता येत नाही. ते निरोगी रक्तपेशींनाही सोडत नाही.

कोणाच्या तरी सांगण्यावरून वैदूच्या बाटलीवर महिने काढायचे आणि रोग पसरल्यावर इस्पितळ गाठायचे, असे आमच्या वस्त्यांतून घडते. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गंडेदोरे टाकून दिलेल्या समाजाने बाटलीपुढे हात जोडू नयेत.

खोकला दोन-तीन आठवडे हटत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, वजन घटत असेल, तर छातीचा फोटो काढून घ्यावा. तो क्षय असेल तर त्यावरही औषध आहे. कॅन्सरची शंका आली, तर टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र पनवेल तालुक्यातच, खारघरला आहे. घरात काही झाडपाला चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. आणि विडी ओढणाऱ्या घरधन्याला विडी सोडायला आजच सांगावे.

जय भीम!