जहाजातलं सूत आणि मागावरचं सूत

कृत्रिम धाग्याची निर्यात वाढली की बातमी आनंदाने छापली जाते. आपलं पॉलिएस्टर सूत तुर्कस्तान, ब्राझीलपर्यंत जातं, ही साधी गोष्ट नाही. पण तोच धागा मालेगाव-भिवंडीच्या मागावर काय भावाने चढतो, हे त्या बातमीत नसतं.

ऑक्टोबर २०१७ पासून या सुतावर १२ टक्के जीएसटी होता आणि कापडावर ५. निर्यातीला मात्र शून्य कर, भरलेला परत मिळतो. म्हणजे सुरत-सिल्वासाकडचं सूत जहाजात चढलं तर आपला कर उतरवून जायचं आणि ट्रकने मालेगावला आलं तर कर घेऊन यायचं. परदेशातला विणकर त्याच्या सरकारचा कर भरत असेल, आपला भरत नव्हता. आपला कर आपलाच विणकर भरत होता! सुतावर १२ भरा, कापडावर ५ वसूल करा, मधली रक्कम अडकून. तिचा परतावा ऑगस्ट २०१८ पासून मिळू लागला, पण ज्याची नोंदणी होती त्यालाच. सहा-आठ मागांच्या बिननोंदणी कारखानदाराला तो कर म्हणजे सुताचाच भाव.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सूतही ५ टक्क्यांवर आलं. नोव्हेंबरात पॉलिएस्टर सुतावरची बीआयएस प्रमाणपत्राची सक्ती उठली, बाहेरचं सूत येण्याची वाट मोकळी झाली. उशिरा का होईना, चांगलं झालं.

आता मात्र सगळा दोष दिल्लीवर टाकणं मला पटत नाही. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव उभं केलं. हातमाग गेले, यंत्रमाग आले, तरी आजही कितीतरी जण मजुरीवरच विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपल्याकडे वीजबिल आणि आवाज. तयार झालेलं ग्रे कापड रंगाईला राजस्थानात पाली, बालोत्र्याला जातं. खरी कमाई रंगाई आणि शिलाईत आहे, आणि तीच आपण वाटेत सोडून देतो. जुम्याला माग बंद ठेवायचे यावर अख्खं शहर एक होतं. तेच शहर सूत एकत्र विकत घ्यायला, रंगाईचा सामाईक कारखाना काढायला एक का होत नाही?

सुप्यात एमआयडीसी आहे, मालेगावात माग आहेत. दोन्हीकडे आपला मुलगा बहुधा हेल्पर म्हणूनच उभा असतो. उर्दू शाळेत आम्ही त्याला सुंदर निबंध लिहायला शिकवतो, जीएसटीचं बिल वाचायला नाही. परताव्याचा अर्ज आणि निर्यातीचा कोड काढणं दहावी-बारावीच्या मुला-मुलींना सहज जमेल. हे शिकवायला एका सुट्टीतला महिना पुरे, आणि त्यासाठी कुठल्या सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. मशिदीशेजारचा मदरशाचा हॉल दुपारी रिकामाच असतो.