रंगाची मुळी

धारूरभोवतीच्या बालाघाट डोंगरात फाल्गुनात पळस पेटतो. लहानपणी आम्ही ती फुले उकळून रंगपंचमीचा रंग करीत असू. धुतला की जाई. कापडावर टिकणारा लाल रंग देई ती बारतोंडीची, म्हणजे आलीची मुळी, तुरटीच्या जोडीने. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन प्रयोगशाळेत बनवले. स्वस्त लाल आला आणि आलीची शेती बुडाली.

मुळी खणायला तीन-चार वर्षे थांबावे लागते. बँकेत असताना अशा पिकाला मीही कर्ज नाकारले असते. म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर नको. गावाच्या मोकळ्या जागेत बारतोंडी, नीळ, डाळिंब सर्वांनी मिळून लावावीत. ‘रंगारी’ हे आडनाव उरले आहे. निदान नातवंडांना त्याचा अर्थ तरी हाताने कळेल.