त्यांच्या कामाचं पुढे काय झालं, ते त्यांना कळवा

प्रति,
मा. प्रथम अध्यक्षमंडळ,
द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा



मी आपल्या चर्चची सभासद नाही. मिरजेत वाढले, लग्नानंतर अमेरिकेत आले आणि सॉल्ट लेकच्या खोऱ्यात संसार मांडला. शेजार बहुतेक आपल्याच लोकांचा. घरात कुणी आजारी पडलं की न सांगता डबा घेऊन येणारी, स्वतःच्या अंगणातला बर्फ ओढून झाला की आमच्याही दारातला ओढून जाणारी ही माणसं मी जवळून पाहिली आहेत. म्हणून थोड्या हक्कानं लिहिते आहे. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे ज्या ज्येष्ठ मिशनऱ्यांना तडकाफडकी घरी बोलावून घेतलं, त्यांच्यासाठी एक गोष्ट करायची राहून गेली आहे. ती अजूनही करता येईल. मात्र त्यासाठी आता फार थांबून चालणार नाही.

पत्र मराठीत छापलं जाणार आहे, तेव्हा मराठी वाचकांसाठी चार ओळी. मॉर्मन मिशनरी म्हटलं की पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावून जोडीनं हिंडणारी विशीतली मुलं लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. पण याच चर्चमध्ये निवृत्त जोडपीही मिशनवर जातात. काही महिन्यांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंत, आणि तेही स्वतःच्या खर्चानं. त्यांनी दारोदार फिरावं अशी अपेक्षा नसते. कुणी मिशनच्या कचेरीत हिशेब बघतं, कुणी पाण्याच्या आणि दवाखान्याच्या कामांवर देखरेख ठेवतं, कुणी जुन्या दफ्तरखान्यात बसून जीर्ण कागदांचे फोटो काढतं. कुणी नुसतं त्या गावच्या मंडळीत राहतं, त्यांच्या अडीअडचणीला उभं राहतं. मुलाबाळांच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, घर भाड्यानं देऊन अनोळखी देशात राहायला जाणं ही काही हौसमौज नव्हे. आमच्याकडे या वयात लोक काशीयात्रेला निघत. ही माणसं कामाला निघतात.

आधी एक स्पष्ट करते. परत बोलावण्याचा निर्णय बरोबर होता. त्या वेळी आपले अध्यक्ष रसेल नेल्सन 95 वर्षांचे होते आणि अनेक वर्षं हृदयाच्या शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर होते. म्हातारं शरीर आजारापुढे कसं आणि किती लवकर खचतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? 12 मार्चला आपण जगभरच्या सभा थांबवल्या. 20 मार्चला परदेशात असलेल्या मिशनऱ्यांना आपापल्या देशी परत आणण्याचं जाहीर केलं. 2019 च्या अखेरीस आपले पूर्णवेळ मिशनरी 67,021 होते. विमानं रद्द होत असताना, सीमा बंद होत असताना एवढ्या मोठ्या संख्येतल्या माणसांची ने-आण करणं सोपं नव्हतं. त्यातच 18 मार्चला सॉल्ट लेकला 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला, विमानतळ काही तास बंद पडला, मंदिराच्या शिखरावरच्या मरोनी देवदूताच्या हातातली तुतारी खाली आली. त्या आठवड्यात ज्यांनी फोनवर बसून हे सगळं जुळवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण निर्णय बरोबर असला म्हणून त्याचं दुःख होत नाही असं नाही.

आमच्या गल्लीतलं एक जोडपं तेव्हा फिलिपिन्समध्ये, लुझॉन बेटावरच्या एका छोट्या शहरात होतं. दोघंही सत्तरी ओलांडलेली. त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. त्यांना ते आवडणार नाही. त्यांच्याकडे तरुण मिशनऱ्यांच्या भाड्याच्या खोल्यांची व्यवस्था होती. नळ गळतोय का, गॅसची नळी बदलली का, धुराचा इशारा देणारं यंत्र चालू आहे का, हे ते बघत. आणि काकू संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये कीबोर्ड शिकवत. रविवारच्या उपासनेत भजनांना साथ करणारं त्या गावात कुणी नव्हतं. ते तयार करायचं असा त्यांचा पण होता. त्यांची वही मी पाहिली आहे. साधी, तारेची, शाळेतल्या मुलांची असते तशी. एका पानावर एक विद्यार्थी. नावाखाली पेन्सिलीनं बोटांचे आकडे, कुणाचं डावं मनगट खाली पडतं, कोण ताल सोडून पळतं, कुणाच्या घरी सरावाला वाद्य नाही म्हणून कागदावर पट्ट्या काढून दिल्या आहेत. मासे विकणारी एक बाई होती. तिच्या पानावर आठवडा-आठवड्याच्या नोंदी आहेत आणि शेवटची नोंद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली: दोन्ही हात एकत्र, पहिल्या चार ओळी जमल्या.

त्यापुढची पानं कोरी आहेत.

16 मार्चला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी अख्ख्या लुझॉनमध्ये टाळेबंदी जाहीर केली. बाहेर पडू पाहणाऱ्या परदेशी लोकांना आधी 72 तासांची मुदत सांगितली गेली. ती नंतर मागे घेतली, पण तोवर धावपळ सुरू झाली होती. आमच्या शेजाऱ्यांना रात्री फोन आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते मनिलाच्या रस्त्याला लागले. फ्रिजमधलं होतं नव्हतं ते घरमालकिणीला दिलं, भात शिजवायचं भांडं वरच्या मजल्यावरच्या पोरांना. विद्यार्थ्यांपैकी कुणाचा निरोप घेता आला नाही. घराबाहेर पडायला बंदीच होती. भरल्या ताटावरून उठवावं तसे ते उठले, आणि उठवणाऱ्यालाही त्या घडीला दुसरा इलाज नव्हता.

22 मार्चला फिलिपिन्सहून आलेल्या मुलांच्या स्वागताला सॉल्ट लेकच्या विमानतळावरच्या पार्किंगमध्ये शेकडो नातेवाईक जमले. फुगे, फलक, मिठ्या. अंतर राखा म्हणून सांगितलेल्या दिवसांत झालेल्या त्या गर्दीबद्दल खूप टीका झाली आणि लगेच नियम कडक झाले. ते फोटो जगभर गेले. ज्येष्ठांचा असा फोटो मला कुठे दिसला नाही. आमच्या शेजाऱ्यांचं घर ऑगस्टपर्यंत भाड्यानं दिलेलं, त्यामुळे ते मुलीच्या तळघरात उतरले. चौदा दिवस वेगळं राहायचं होतं. मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर जेवण ठेवून मागे सरायची. त्यातच एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांना मिशनच्या कर्तव्यातून रीतसर मुक्त करण्यात आलं. चार चांगले शब्द बोलले गेले, प्रार्थना झाली. दोघांनी नावपट्ट्या काढून कपड्यांच्या कपाटावर ठेवल्या आणि खालीच बसून राहिले.

तरुणांसाठी आपण 31 मार्चला पर्याय जाहीर केले होते: लवकरात लवकर दुसरीकडे नेमणूक घ्या, किंवा बारा ते अठरा महिने थांबून पुन्हा जा, 30 एप्रिलपर्यंत कळवा. विसाव्या वर्षी अठरा महिने थांबणं जड जातं खरं, पण त्या काळात कॉलेजची दोन-तीन सत्रं होऊन जातात आणि माणूस पुन्हा निघतो. बाहत्तराव्या वर्षी अठरा महिन्यांत काय काय होऊ शकतं, ते सांगायला नको. आमच्या शेजाऱ्यांपैकी एकाला पुढच्याच वर्षी हृदयाचा त्रास सुरू झाला. पुन्हा जाण्याचा विषय तिथेच संपला. असे किती असतील! 2020 च्या अखेरीस आपल्या पूर्णवेळ मिशनऱ्यांची संख्या 51,819 वर आली. तरुणांची फळी पुन्हा भरत जाते. म्हाताऱ्यांत मात्र एकाच्या जागी दुसरा आला तरी पहिल्याचं राहिलेलं राहूनच जातं.

मिरजेची असल्यामुळे मला इथे डॉ. विल्यम वॉनलेस आठवतात. ते प्रेस्बिटेरियन, आपल्या चर्चचे नव्हेत. 1889 मध्ये ते भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत त्यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि 1928 पर्यंत त्यांनी तिथे काम केलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. परत जाताना त्यांना आपल्या हातानं उभं केलेलं डोळ्यांनी दिसत होतं. ज्यांच्या हाती सोपवायचं ती माणसं शेजारी उभी होती. काम किती मोठं, हा प्रश्न नाही. बारा-पंधरा जणांचा कीबोर्डचा वर्गही सोपवून जायचा असतो. सोपवणं झालं की माणूस मोकळा होतो. नाही झालं तर ते काम त्याच्या मनात वर्षानुवर्षं चालूच राहतं. शेजारच्या काकू अजूनही मला विचारतात, ‘ती मासेवाली पुढे शिकली असेल का गं?’ मी काय सांगणार?

मी नाही सांगू शकत, पण आपण सांगू शकता.

नोंदी ठेवण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. लिटल कॉटनवुडच्या दरीत ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून आपण जगभरच्या माणसांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जपल्या आहेत. 1938 पासून जमवलेल्या 24 लाख मायक्रोफिल्मचं संगणकीकरण आपण 2021 मध्ये पुरं केलंत, महामारीतसुद्धा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटोही आपल्या संग्रहात आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांची सही सापडली की आमच्याकडे माणसाचे डोळे भरून येतात, त्यामुळे या कामाचं मोल आम्हा मराठी लोकांना वेगळं समजावून द्यावं लागत नाही. जी संस्था कुणा अनोळखी माणसाच्या खापरपणजोबाचा पत्ता लावू शकते, तिला लुझॉनमधल्या आपल्याच मंडळीत चौकशी करणं अवघड नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. मार्च 2020 मध्ये ज्या ज्येष्ठांना काम अर्धं टाकून यावं लागलं, त्यांच्यातल्या प्रत्येकाला तो जिथे होता तिथून एक पत्र जाऊ द्या. तिथल्या माणसानं लिहिलेलं, त्याच्या भाषेत, हवं तर खाली भाषांतर जोडून. विहीर पुरी झाली का, दफ्तरखान्यातल्या उरलेल्या कागदांचे फोटो कुणी काढले, शिकवणी कुणी पुढे चालवली. कुणीच चालवली नसेल, काम तिथेच बंद पडलं असेल, तर तेही लिहा. ही माणसं कच्च्या मनाची नाहीत. वाईट बातमी त्यांना पचेल. काहीच न कळणं मात्र त्यांनी इतकी वर्षं सोसलं आहे.

आपल्या चर्चच्या 2023 च्या ऑक्टोबर परिषदेत एल्डर रोनाल्ड रॅसबँड यांनी ज्येष्ठ जोडप्यांना मिशनवर निघण्याचं कळकळीनं आवाहन केलं. गरज आहे, हे खरंच आहे. आमच्या गल्लीतली दोन घरं त्यानंतर निघायच्या तयारीला लागली. त्यांनी सल्ला विचारला तो याच शेजाऱ्यांना, आणि दोघांनीही जरासुद्धा न अडखळता ‘जा’ असंच सांगितलं. इतक्या निष्ठेच्या माणसांना एक पत्र देणं लागता आपण.

कचेरीतून छापील आभारपत्र मात्र पाठवू नका. ते त्यांना तेव्हाच मिळालं आहे आणि त्यांनी ते जपूनही ठेवलं आहे. तिथल्या शाखेच्या अध्यक्षांना एक फोन करा, म्हणजे कुणाला काय आठवतं ते पुढे येईल. छोट्या गावात माणसं पटकन सापडतात. फिलिपिन्सपासून सुरुवात केलीत तर बरं, कारण तिथली ज्येष्ठ मंडळी दोन-तीन दिवसांत निघाली होती. आणि यादी कराल तेव्हा नावं वयाप्रमाणे लावा, सर्वांत वयस्कर आधी.

आपली नम्र,
सॉल्ट लेकच्या खोऱ्यातली एक मराठी शेजारीण