‘सत्या’ची घडण आणि बाहेरून आलेली नजर

३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झालेला राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ हा मुंबईतील टोळीयुद्धावरचा, म्हणजे खंडणी आणि वर्चस्व यांसाठी गुन्हेगारी टोळ्यांमध्ये चालणाऱ्या संघर्षावरचा, पहिला चित्रपट नव्हता; ‘दीवार’ (१९७५), ‘नायकन’ (१९८७) आणि ‘परिंदा’ (१९८९) यांनी ती वाट आधीच मळवली होती. तरीही यंदाच्या दिवाळी अंकाचा प्रमुख विभाग ‘सत्या’च्या निर्मितीला दिला आहे, कारण गुन्हेगाराला त्याच्या संसारासकट पाहण्याचे धैर्य या चित्रपटाने दाखवले. ऑगस्ट १९९७ मध्ये संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची अंधेरीत हत्या झाली, तेव्हा गोळ्या झाडणाऱ्याचा तो दिवस कसा गेला असेल, या प्रश्नाने आपल्याला पछाडले, असे वर्मा यांनी पुढे सांगितले आहे. मनोज बाजपेयी यांनी साकारलेला टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे माणसे मारतो आणि घरी येऊन बायकोशी कडाकडा भांडतो. शेफाली छाया यांनी साकारलेली प्यारी त्याला जराही भीत नाही, आणि या भांडणांत असलेला जिव्हाळा चित्रपटातल्या कोणत्याही गोळीबारापेक्षा खोल उतरतो.

विशेष असे, की मुंबईच्या खोल्या, चाळी आणि गल्ल्या इतक्या नेमक्या टिपणारे बहुतेक हात मुंबईबाहेरचे होते. दिग्दर्शक आणि नायक जे. डी. चक्रवर्ती तेलुगू चित्रसृष्टीतले, पटकथाकार अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला उत्तर प्रदेशातले, मनोज बाजपेयी बिहारचे. छायालेखन अमेरिकेच्या जेरार्ड हूपर यांनी सुरू केले आणि मजहर कामरान यांनी पूर्ण केले. बाजपेयी, शुक्ला, गोविंद नामदेव आणि आदित्य श्रीवास्तव हे ‘सत्या’तले चौघे अभिनेते ‘बँडिट क्वीन’मध्ये दिसले होते, परंतु तारे-तारकांच्या नावांवर चालणाऱ्या व्यवसायात त्यांना अजून मोल नव्हते. इथे जन्मलेल्याला जो ओला जिना रोजच्या सवयीमुळे दिसेनासा होतो तो नवागताला ठसठशीत दिसतो, आणि सत्या हे पात्रही तसेच, भूतकाळ न सांगता शहरात उतरलेले, असल्यामुळे कॅमेऱ्याची आणि नायकाची नजर एकच होऊन जाते. त्याच्यासमोर उभा राहतो तो भिकू म्हात्रे मात्र आगरी समाजात सर्रास आढळणाऱ्या आडनावाचा, इथल्या मातीतला माणूस. त्याच्या बोलण्याची ढब बाजपेयी यांनी कोल्हापूरकडच्या आपल्या स्वयंपाक्याकडून उचलली होती. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता.

संदीप चौटा यांचे पार्श्वसंगीत, म्हणजे दृश्यांच्या मागे वाजणारे भावसूचक संगीत, आज काही ठिकाणी अतिरेकी वाटते. मात्र गणेश विसर्जनाच्या गर्दीत टोळीतून राजकारणात गेलेल्या भाऊ झवळेचा खून होतो तो प्रसंग अजूनही तितकाच अंगावर येतो, कारण सार्वजनिक उत्सव, राजकीय पुढारीपण आणि टोळी यांचे साटेलोटे तिथे एका चौकटीत आलेले आहे.

या थोर चित्रपटाची एक उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या कामगार वस्त्यांतून टोळ्यांना मुले कशी मिळत गेली, याकडे ‘सत्या’ वळत नाही. त्याला भिकूचे घर दिसते, त्याच्या बापाचा रोजगार दिसत नाही. म्हणूनच या विभागात पटकथा, छायालेखन आणि संकलन यांवरील लेखांच्या बरोबरीने लालबाग-परळच्या गिरणगावावरील लेखही घेतले आहेत, आणि वाचकांनी ते आधी वाचावेत अशी संपादक मंडळाची विनंती आहे.