वर्षाचा आकडा कोणी लिहिला?



लग्नपत्रिकेवर कोणते वर्ष छापावयाचे, हा प्रश्न आपल्या घरोघरी निघतो. एक म्हणतो, शके सोडले तर धर्म बुडेल. दुसरा म्हणतो, इसवी सन साऱ्या जगाचा. त्याला धर्म नाही. दोघांचेही म्हणणे तपासून पाहा.

'इसवी' म्हणजे ईसाचा, येशूचा. ५२५ साली रोम येथे डायोनिसियस एक्झिगुअस या ख्रिस्ती साधूने ईस्टरच्या तारखांचे कोष्टक रचले. त्यापूर्वी अशा कोष्टकांत सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजीत. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा घोर छळ केला होता. छळकर्त्याची स्मृती आपण का जतन करावी, असे म्हणून साधूने येशूपासून गणना सुरू केली. तीही चुकली. येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळी झाला असे शुभवर्तमान सांगते, आणि तो राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात!

आता शके. ही गणना इ. स. ७८ पासूनची. पश्चिम क्षत्रपांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या शकांच्या, नाण्यांवर हीच वर्षे आहेत. शालिवाहनाचे नाव तिला शेकडो वर्षांनंतर चिकटले. जी गणना शकांच्या नावाने चालली, ती सोडल्याने कोणता धर्म बुडतो?

मग आपले बुद्धवर्ष तरी आकाशातून पडले काय? नाही. महापरिनिर्वाणापासूनची ही गणना श्रीलंकेत व थायलंडात एका वर्षाने भिन्न आहे. म्हणून २५०० वे वर्ष श्रीलंकेत १९५६ साली, तर थायलंडात १९५७ साली आले. अनेक इतिहासकार तर महापरिनिर्वाण त्याहून बऱ्याच अलीकडचे मानतात. हे सत्य लपविण्याचे आपणांस कारण नाही. तपासल्याविना काही स्वीकारू नका, हीच तथागतांची शिकवण आहे.

वर्षाचा प्रत्येक आकडा माणसांनी, काही हेतूने लिहिला. छळकर्त्याचे नाव आपल्या कालगणनेतून काढण्याचा अधिकार त्या साधूने बजावला. तोच अधिकार आपणांसही आहे. पत्रिकेवर बुद्धवर्ष अभिमानाने छापा. सरकारी कामासाठी शेजारी इसवी सन खुशाल घाला. परंतु आकड्यामागून मुहूर्त व दक्षिणा घरात शिरू लागली, तर दार बंद करा.